बाकांची वही

वही शाळेतलीच. मागच्या पानांवर
माझ्या पोरीचे पाढे,
पुढच्या पानांवर माझं अक्षर:
बाक चोवीस, व्यासपीठ एक,
पंखे चार (दोनही चालतील),
गायकवृंदासाठी लांब फळी.
खाली एकूण. तो आकडा पाहून
पाळक सेरेमाया बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "प्रभू जमिनीवरही बसेल."
"त्याला बसता येईल हो," वासिती म्हणाली,
"माझ्या गुडघ्यांचं काय?"

टेकडीवर येऊन तीन चक्रीवादळं झाली.
सरकारनं भिंती दिल्या, पत्रा दिला,
पत्र्याला निळा रंग दिला.
आतलं तुमचं तुम्ही बघा.
ओहोटीला खालचं चर्च अजून दिसतं,
दारातून खेकडे आत शिरतात
उपासनेला उशीर झाल्यासारखे.

मग विकायला काढलं जे होतं ते:
तारोचे कंद, कसाव्याचा केक,
केवड्याच्या पातीच्या चटया, शनिवारच्या बोटीवर.
गायकवृंद सुवाला जाऊन आला,
निम्मी गाणी बसभाड्यात गेली.
मुनिसामीनं दुकानातून खिळ्यांचे दोन डबे दिले.
"आमच्या देवळाचं छप्पर उडत होतं,
तुमच्या पोरांनी दोर धरला होता. हे लिहू नका."
मी लिहिलं.

वर्गणीची रात्र. यकोनाची परात मधोमध.
आमच्यात झाकली मूठ नसते,
नाव घ्यायचं, रक्कम ओरडून सांगायची.
"सिडनीहून इसिकेली, पाचशे डॉलर!" टाळ्या.
"एमोरीचं घर, चाळीस!" टाळ्या.
"आरिएता, अकरा डॉलर वीस सेंट!"
टाळ्या, जरा जास्तच.

मग विलिमाइना उठली.
सालीच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी
तिनं चटईवर ठेवलं, सोडलं.
एक फळी. खालच्या चर्चातली,
मागून तिसऱ्या बाकाची पाठ,
वादळानंतर किनाऱ्याला लागलेली.
एवढे दिवस तिच्या खाटेखाली होती.
फळीवर चाकूनं कोरलेले मासे.
नवरा कोरायचा,
लांबलेल्या प्रत्येक प्रवचनाला एक.

पुकारणारा नाव घेऊन थांबला.
"विलिमाइना..." आणि माझ्याकडे पाहिलं.
माझ्या वहीत दोनच रकाने, डॉलर आणि सेंट.
मी मोजले. डॉलरच्या रकान्यात लिहिलं,
मासे, एकतीस.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
पाळकच आधी हसले,
"त्यातले निम्मे माझे असणार."

बेरीज दोनदा केली. चौदा बाक होतात.
दहा राहिले. पंख्यांवर रेघ मारली.
सुतार म्हणाला, दोन महिने.
सुतार म्हणाला म्हणजे चार.

तोवर रविवारी चटया.
कुणी काही सांगितलं नव्हतं,
तरी रांगा पडल्या त्या जुन्याच:
मधली वाट मोकळी, वासिती खिडकीशी,
जे बुडाले त्यांच्या जागा तेवढ्या रिकाम्या.

खाली डावीकडे एक खांब होता,
त्याच्यामागून पाळक अर्धेच दिसायचे.
इथे खांब नाही,
इंजिनियरनं अभिमानानं दाखवलं होतं.
एमोरी तरी मान कलती करूनच
प्रवचन ऐकतो,
आणि त्याच्या मांडीवरचा नातू,
इथे टेकडीवर जन्मलेला,
तोही.