नेणाऱ्याची सही

दाराशी वही असते.
आणणाऱ्याची सही, वेळ.
नेणाऱ्याची सही, वेळ.
मधल्या कोऱ्या जागेत माझा दिवस.

डुलूथचं कॉलेज टेकडीवर,
आमचं पाळणाघर त्याच्या तळमजल्यात,
वेल्डिंगच्या वर्कशॉपला खेटून.
पलीकडे लोखंड कापतात
तेव्हा बाळं झोपेत ओठ हलवतात फक्त.
आवाज थांबला की सगळी जागी.

सातला बॉयलरवाला रुडेल,
कडेवर नातू, नातवाच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा.
तो सोडत नाही, म्हणून रुडेलनं
एक किल्ली वेगळी काढून दिलीय त्याला,
कुठलंच दार न उघडणारी.
मग लिंडक्विस्ट बाई. भूगर्भशास्त्र.
सरोवराकाठच्या खडकाचं वय विचारा,
एकशे दहा कोटी, चालता चालता सांगतील.
मुलीचा दुसरा मोजा कुठाय, ते मला विचारतात.
उताराखालचा बेकरीवाला कॉलेजचा कोणीच नाही,
त्याला फी जरा जास्त,
त्याच्या जुळ्यांच्या टोप्यांवर पीठ, की बर्फ,
हात लावल्याशिवाय कळत नाही.

आणि माई निया.
(माई! आमच्याकडे ही हाक
केस पिकल्यावर मिळते. ही एकोणीसची.)
नर्सिंगचं दुसरं सत्र.
पहिल्या दिवशी फॉर्मवर
'विद्यार्थी'वर खूण केली,
'पालक'पाशी पेन थांबलं,
जणू एका माणसाला एकच चौकट मिळते.
आणीबाणीत मूल कोण नेईल?
पहिल्या ओळीत तिची आई, सेंट पॉल, अडीच तासांवर.
दुसरी ओळ कोरी.
तिसऱ्या आठवड्यात तिनं विचारलं,
तुमच्या नावाचं स्पेलिंग काय?
वैजयंती. लांबलचक.
तिनं एकेक अक्षर ओळीत बसवलं,
शेवटची दोन समासात गेली.

मी बी.एड. अर्धं सोडलं, कऱ्हाडला,
मुलगी चार महिन्यांची होती.
सोड असं कोणीच म्हणालं नाही.
घर भरलेलं होतं, माणसं चांगली होती.
फक्त 'दे इकडे'
असंही कोणी म्हणालं नाही.

म्हणून असेल,
इथं दारात मूल घेताना
माझ्या तोंडून तेच निघतं. दे इकडे.
इंग्रजी आठवायच्या आधी.
लोकांना वाटतं हा आमचा नमस्कार.
रुडेल पार्किंगमधूनच ओरडतो,
डे इकडे, मिस व्ही!
मी पण हात वर करते, डे इकडे.

काल माई नियाची प्रॅक्टिकल लांबली.
पावणेसहा. पाच चोपन्न.
सहानंतर मिनिटाला एक डॉलर,
पाटी मीच लिहिलीय, निळ्या खडूनं.
फोन लागत नव्हता.
पाच एकोणसाठला मी वहीत
नेणाऱ्याच्या रकान्यात सही केली.
वैजयंती. पूर्ण. समासात न जाता.
कोंगमेंगला कोट चढवला, दिवे मालवले,
कुलूप लावलं,
आणि त्याला घेऊन गेले
दारापासून चार पावलांवरच्या बाकड्यापर्यंत.

तिथून वर्कशॉपच्या काचेत ठिणग्या दिसतात.
तो प्रत्येक ठिणगीला 'ओ' म्हणत होता,
ती विझल्यानंतर, जरा उशिरानं.
मी त्याला अर्धं केळं दिलं, अर्धं मी खाल्लं.
माझी बस गेली.

सहा बावीसला जिन्यावर बूट वाजले.
युनिफॉर्म, खांद्यावर बर्फ,
गळ्यात कॉलेजचा स्टेथोस्कोप, परत करायचा राहिलेला.
बंद दार बघून ती थबकली,
मग बाकडं दिसलं.
सॉरी म्हणेल असं वाटलं होतं. पर्सही उघडेल.
ती नुसती हात पसरून उभी राहिली,
धापा टाकत म्हणाली,
दे इकडे.
'द' स्वच्छ. रुडेलपेक्षा किती तरी बरा.

दिलं.
माझ्या ओळखपत्राची दोरी त्याच्या मुठीत होती,
केळ्यानं चिकट झालेली.
ती सोडवायला आम्हा दोघींना
जरा वेळ लागला.