पाणी पिऊन या

रेडिओवरून मी आदल्या दिवशीच सांगते :
तासभर आधी चार पेले पाणी प्या
आणि रोखून धरा.
पण खाडीला कोण सांगणार?
आज धुक्यानं दोन तास बोट अडवली.
धक्क्याला लागलो तेव्हा
नऊ बायका शाळेच्या भिंतीला टेकून उभ्या,
मांड्या आवळून,
हसवू नकोस गं म्हणून एकमेकींना शिव्या देत.

शाळेचं स्वयंपाकघर हाच दवाखाना.
बटाट्यांच्या पोत्यांवर फळी, फळीवर यंत्र,
खिडकीला लोकरीची घोंगडी,
जेलची बाटली किटलीशेजारी उबेला.
हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नाही.
पहिल्याच वर्षी एक म्हातारी ओरडली होती,
"पोरी, मी काय बर्फातला मासा आहे?"
तेव्हापासून.

यास्नाच्या उजव्या अंडाशयावर पाण्याची गाठ.
चार सेंटिमीटर. लिहिलं.
ओर्तेन्सियाला काहीच निघालं नाही,
तर तिला तेही आवडलं नाही :
"मग दुखतं ते काय माझं डोकं?"

सहावी एदेल्मिरा चिग्वाय. वय एकसष्ट.
ओहोटीला शेवाळ वेचून वेचून
बोटांची सालं निघालेली.
पाळी जाऊन अकरा वर्षं झाली,
आणि आता तीन महिने कपड्यांवर डाग.
तिनं स्कर्ट खाली सरकवला
दुसऱ्या कुणाचं गाठोडं सोडून दाखवावं तसा.

पडद्यावर आधी मूत्राशय, काळंभोर, तुडुंब.
त्यामागे गर्भाशय, वयानं आक्रसलेलं.
आणि मधोमध
पाच पांढरे ठिपके,
प्रत्येकामागे बारीक सावली.
मी हात थांबवला.
शरीर इतक्या सरळ ओळीत काही मांडत नाही.

"आमच्या बोटीवर असलंच यंत्र आहे,"
ती मान वळवून म्हणाली.
"नवरा त्यात मासळी शोधतो. असे ठिपके दिसले
की जाळं टाकायचं.
किती खोल आहे?"

मला बोलायची मुभा नाही.
मी मोजायचं, चौकटीत आकडे भरायचे.
बोलतील ते कास्त्रोचे डॉक्टर, पंधरा दिवसांनी.
पोटात एक, ओठात एक
ही माझी नोकरीच आहे :
त्यांच्या पोटात, माझ्या ओठात.

एवढंच विचारलं,
"कधी लूप बसवला होता?"
"नाही."
किटलीचं झाकण वाजत राहिलं.
"चौथ्याच्या वेळी दवाखान्याची बोट आली होती.
रक्त थांबेना, म्हणून भूल दिली.
सकाळी म्हणाले, सगळं नीट केलंय."
बोटांवर हिशेब.
"चौतीस वर्षं.
मला एक मुलगी हवी होती. चारही मुलगेच.
नाव ठरलेलं, झबलं विणलेलं.
नवऱ्यानं संत आन्तोनियोपुढे
किती मेणबत्त्या जाळल्या.
सासू म्हणायची, जमीन आटली."

मी पडदा तिच्याकडे वळवला.
असं करायचं नसतं.
तिनं बोट न लावता, हवेतच
एक एक ठिपका मोजला,
मग पुन्हा उलटीकडून.
रडेल वाटलं.
"मुतायला जाऊ का आता?" ती म्हणाली.

संडास अंगणापलीकडे, लाकडी फळ्यांचा.
बराच वेळ आवाज येत राहिला.
बाहेरच्या तिघींनी आधी टाळ्या वाजवल्या,
मग कण्हल्या, कारण त्यांची पाळी अजून यायची होती.

परत आली ती हात पुसत.
कास्त्रोला यावं लागेल, मी सांगितलं,
काढायचं तर आहेच,
आणि डाग कशाचे तेही बघायला हवं.
बोटीचं भाडं सरकार देतं.
ती ऐकत नव्हती.
यंत्रातून निघालेला कागद तिनं मागितला.
तो अहवालाला जोडायचा असतो.
मी दुसरा काढला.

तो तिनं शालीत, छातीशी, आडवा खोचला.
"आधी स्मशानात जाते," म्हणाली,
"सासूला दाखवून येते."
दारात थबकली :
"कागद भिजला तर पुसला जातो का गं?"

हो म्हणाले.
बटाट्याची एक रिकामी पिशवी दिली.
सातवी आत आली, वाकून, दात आवळून,
"लवकर कर बाई, लवकर."