स्टॉल नंबर चौदा

स्कारबरोत आज उणे अठरा.
बुटांना रस्त्यावरचं मीठ चिकटलेलं,
पार्किंगच्या कडेला काळा पडलेला बर्फ,
मार्चपर्यंत कुणाच्या बापाला न भिणारा.

दार ढकललं की आधी चष्मा जातो.
दोन मिनिटं नुसती वाफ.
वाफेत आवाज: एकसष्ट!
मग तोच आकडा कँटनीजमध्ये, मग मँडरिनमध्ये,
मग वैतागून पुन्हा इंग्रजीत.
त्या आंधळेपणात नाक शहाणं होतं.
डावीकडे बदक, उजवीकडे जुनं तेल,
आणि सरळ पुढे, किल्ल्या बनवणाऱ्याच्या पल्याड,
तव्यावर तडतडणारं जिरं.

चौदा नंबर. फान बाई.
भावाच्या पाटीवर चिकटपट्टीवर चिकटपट्टी:
पावणेसातवर सात, सातवर साडेसात.
नखानं खरवडत गेलं तर तळाशी
मी इथं यायच्या आधीचं शहर निघेल.

बाई पिठाचा गोळा ओट्यावर आपटतात,
हात फाकवून ओढतात, दुमडतात, ओढतात.
एकाचे दोन, दोनाचे चार,
सातव्या घडीला एकशे अठ्ठावीस,
आणि न्हालेले केस झटकावेत
तशा नूडल्स उकळत्या पाण्यात.

"तिखट?" एवढंच विचारतात.
बोटं दाखवायची.
पहिल्या वर्षी मी एक दाखवलं होतं, हल्ली चार.
गोदामातून काढलं त्या दिवशी पाच दाखवली.
बाईंनी माझ्याकडे पाहिलं, घातलं तिनाचंच,
वर एक अंडं.
अंड्याचं बिलात नाव नव्हतं.

यातला मसाला तिरफळाचा चुलतभाऊ.
आधी जिभेला मुंग्या येतात,
मग ओठ परके होतात, दात काढण्याआधी होतात तसे,
आणि त्या बधिरपणातून मटणाचा रस्सा
असा येतो, की बोलणं थांबतं.

आमच्या टेबलावर तसंही फार बोलत नाहीत.
ल्युंग आजोबा, चष्म्याच्या डबीत स्वतःच्या काड्या.
डेझमंड, फिंचची बस चालवतो, सुट्टी बावीस मिनिटं.
सेल्वराणी, रात्रपाळीची नर्स, मूळची जाफन्याची,
रोज म्हणते, हे काय तिखट?
आणि रोज वाटी तोंडाला लावून रिकामी करते.

फेब्रुवारीत शटर खाली.
वर एक कागद, पानभर चिनी मजकूर.
"काय लिहिलंय?"
आजोबांनी सावकाश वाचलं.
"गुडघा," म्हणाले.
"एवढंच?"
"बाकीची माफी आहे."

सहा आठवडे आम्ही नऊ नंबरवर जेवलो.
नऊ नंबरच्या नूडल्स वाईट नव्हत्या.
त्याचंच वाईट वाटलं.
डेझमंड तर चौदासमोरून जाताना
मान खाली घालून जायचा.

मग एका मंगळवारी वाफेत पुन्हा जिरं.
बाई उंच स्टुलावर, पाय खोक्यावर ठेवलेला.
भाचा पीठ ओढतोय, बाई ओरडताहेत.
त्याच्या एकशे अठ्ठावीस होत नाहीत,
चाळीसेक होतात, त्याही रुसलेल्या.

पाटीवर नवी चिकटपट्टी: सव्वाआठ.
कुणी काही बोललं नाही.
सेल्वराणीनं कोटाच्या अस्तरात हात घालून
सुटे पैसे शोधले.

मी चार बोटं दाखवली.
बाईंनी माझा रिकामा डावा हात बघितला,
बघितला उजवा, त्यात नव्या गोदामाचं ओळखपत्र,
आणि भाच्याला काहीतरी सांगितलं.

वाटीत एक नूडल दोरखंडाएवढी जाड निघाली.
ती मी शेवटी खाल्ली.