दर दोन तासांनी

वरातीत कुणीतरी कागदी चमकीची नळी फोडली
आणि त्यातली एक कपची
गुलछडीच्या डाव्या डोळ्यात गेली.
व्हिडिओत दिसतं. नवरदेव हसतोय,
घोडी मान झटकतेय.
सगळ्यांना वाटलं, नाचतेय.

पाचव्या दिवशी डोळा
दुधात शाई सांडल्यासारखा.
कोनापुरे डॉक्टरबाईंनी टाके घातले,
पापणीतून बारीक नळी काढून
आयाळीत गुंफत खांद्यापर्यंत आणली.
म्हणाल्या, दर दोन तासांनी थेंब. रात्रीसुद्धा.
डोळ्यांत तेल घालून बसावं लागेल.
दस्तगीरनं विचारलं, तेल कुठलं, बाई?
बाई हसल्या नाहीत.

माझा माग फेब्रुवारीतच भंगारात गेला होता,
म्हणून मला बसवलं.
रात्रीचे दीडशे, वर चहा.

एप्रिल. लष्करातला पत्र्याचा तबेला.
औषधानं बाहुली ताणून मोठी केलेली,
तिला उजेड सुईसारखा.
दाराला चादर लावली, माझ्याच मागावरची,
पट्टी चुकून मोराची मान तुटलेली
आणि म्हणून न विकलेली.
दुपारी तिच्यातून जो उजेड येई
तो तांबडा आणि थकलेला असे.

नरसम्मानं टॉवेलच्या तुकड्यांचा मुखवटा शिवला,
डाव्या बाजूला प्लास्टिकची अर्धी वाटी,
हवेसाठी दाभणानं भोकं पाडलेली.
चौदा वर्षं टॉवेलच्या कडा मारलेला हात;
घोडीचं तोंड तिनं नुसत्या वितीनं मोजलं.

कडबा भिजवून, जमिनीवर. टांगायचा नाही, धाट टोचतं.
माश्यांना कडुलिंबाचा धूर नाही, धूर झोंबतो.
खांबांना सायकलच्या जुन्या ट्यूबा.
तिला खाजायचं.
बरं होताना सगळ्यात जास्त खाजतं
हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आणि एक औषध असं
की तिच्याच मानेतलं रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं,
वर आलेलं पिवळं पाणी
दस्तगीरच्या फ्रीजमध्ये, आंब्याच्या फोडींशेजारी.
तेच परत तिच्या डोळ्यात.
मी बाटली हातात घेऊन बसायचो,
ऊब येऊ द्यायचो,
थंड थेंबाला ती दचकायची.

नवव्या रात्री गल्लीतून वरात गेली.
आधी ताशा. तिचे कान उभे.
मग पुढचे पाय आपोआप उचलायला लागली,
एक, दोन, थांब, एक, दोन,
अंधारात, मुखवट्याआड,
पाठीवर कुणी नसताना.
मग फटाके.
तिनं डोकं खांबाकडे घेतलं, मी मध्ये घुसलो,
वाटी माझ्या बरगडीवर आदळली.
चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात
माझा डावा कान गेलेला, तिचा डावा डोळा.
त्या बाजूनं आम्हा दोघांना काही कळेना.
मी तेलुगूत काहीबाही बोलत राहिलो.
तिला दस्तगीरची दखनी कळते.
काय समजली कुणास ठाऊक, थांबली.
बरगडी आठवडाभर दुखली.

सव्विसाव्या दिवशी बाईंनी हिरवा रंग टाकला.
जखम असली तर चिकटतो, म्हणे.
चिकटला नाही, गालावरून ओघळला.
पण फूल राहणार, म्हणाल्या.
माणूस ओळखेल, अंतर थोडं चुकेल.

फूल पडलेली घोडी कोण नेणार वरातीला?
दस्तगीरनं खुंटीवरची आरशांची झापड काढली,
तिच्या तोंडाशी धरून बघितली.
यानं झाकलं की कुणाला दिसतंय, म्हणाला.
मग आरसे पुसत बसला. कुणाकडे बघेना.
गुलछडी त्याच्या खिशात गूळ शोधत होती,
पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा सापडला.

तीन हजार नऊशे मोजून घेतले.
चादर तिथेच ठेवली.
घरी पडलो तर दोनला जाग, चारला जाग,
हात उशाशी बाटली चाचपतोय.
नरसम्मा कूस वळवून म्हणाली,
आता तरी डोळा लागू दे.