झोझानची काचपट्टी

वानचं सरोवर गोठत नाही, खारं आहे म्हणून.
बाकी सगळं गोठतं: नळ, बसच्या काचा,
मागच्या जिन्यावर विसरलेला माझा चहा.
आठ वाजता ट्रेमधून झोझान येते,
म्हणजे तिच्या डाव्या स्तनाचे तीन धागे,
शेवयांएवढे, मेणात बुडवलेले.
वय एकतीस. धाकट्याचं अंगावरचं सुटून सहा महिने.
खाली सर्जनचं घाईतलं अक्षर:
गाठ, लाली, पू. कॅन्सर? क्षय? लवकर.

लवकर.
शरीराला रागावता येतं एकाच रीतीनं:
तापायचं, सुजायचं, लाल व्हायचं.
कुणी का छळेना, सोंग तेच.

भिंगाखाली पेशी गोल करून बसल्यात,
पंगतीला नव्हे, पहाऱ्याला.
मधे एक राक्षसी पेशी,
केंद्रकं घोड्याच्या नालेसारखी मांडून.
क्षय असेल तर या गोलाच्या पोटात चुरा दिसतो,
दाणेदार, निर्जीव. पुस्तकात लिहितात: चीजसारखा.

चीजचं तर मी कालच विचारून आले होते.
झोझानला तुर्की येत नाही, मला कुर्दिश,
आत्या आम्हा दोघींच्या मधे उभी.
कच्च्या दुधाचं खाता का?
आत्या हसली, जणू विचारलं होतं, श्वास घेता का?
रानलसूण घालून, मडक्यात, जमिनीत पुरून, तीन महिने.
आणि ताजं?
ती थांबली. ताजं पोरं चोरतात.
मग पलंगाकडे हनुवटी करून: आणि ही.
मी अर्जावर लिहिलं: ब्रुसेलासाठी रक्त पाठवा.

वर्तुळाच्या पोटात चुरा नाही.
लाल काड्यांसाठी रंगवलेली पट्टी
निळीच्या निळी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.
मी पुन्हा रंगवायला सांगते.
तंत्रज्ञ ओरहान काही बोलत नाही,
दोनदा झालंय, एवढंच बोटांनी दाखवतो.

त्याला हेदिये माहीत आहे.
गेल्या साली तिला तीन महिने अँटिबायोटिक दिलं,
सगळे म्हणत होते, दुधाची सूज आहे.
मी म्हटलं नव्हतं, पण विचारलंही नव्हतं कुणाला,
कातडीचा तुकडा का नाही पाठवला.
तो आला तेव्हा कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती,
आणि लसिकावाहिन्यांत पेशींचे गठ्ठे,
अरुंद बोगद्यात अडकलेल्या गाड्यांसारखे.
दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं म्हणतात.
मी फुंकते. झोझानच्या कातडीतली
प्रत्येक वाहिनी शोधते, मोजते.
रिकामी. रिकामी. रिकामी.

मग साडेअकराला, दुसऱ्या धाग्याच्या टोकाशी,
चरबीचा एक विरघळून गेलेला थेंब,
नुसती गोल पोकळी,
काठाला पू-पेशींची दाट किनार,
आणि आत, असतील किंवा नसतील,
दोन-तीन जांभळ्या रेघा. जंतू?
की रंगाचा गाळ?
मी डोळा काढते, पुसते, पुन्हा लावते.
अजून आहेत. अजून खात्री नाही.

सर्जनचा फोन. कॅन्सर?
दिसत नाही.
मग स्टिरॉइड सुरू करतो.
नको. क्षय लपला असेल तर तो रान पेटल्यासारखा पसरेल.
मग क्षयाच्या गोळ्या देतो.
नसलेल्या रोगाच्या, सहा महिने?
मग काढून टाकू?
मी उत्तर देत नाही. त्यालाही ते कळतं.
बाई, मग आहे तरी काय?
कल्चरला सहा आठवडे लागतील, मी म्हणते.
पू निचरून घ्या. कातडीवर पेनानं लालीची हद्द आखा.
हद्द सरकली तर मला रात्रीसुद्धा उठवा.

अहवालात एक शब्द टाकता आला असता,
अज्ञातहेतुक.
भारदस्त शब्द, आत फक्त एवढंच: माहीत नाही.
पण तो सगळ्यांत शेवटी लिहायचा असतो,
बाकीची नावं एकेक करून उठून गेल्यावर.
अजून दोघं-तिघं बसून आहेत.
मी लिहिते: नकारात्मक, म्हणजे नाही असं नव्हे.

संध्याकाळी खिडकीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी.
आत्या ठेवून गेली, ओरहान सांगतो,
म्हणाली, पुरे तीन महिन्यांचं आहे, डॉक्टरबाईंना भीती नको.
रानलसणाचा वास फॉर्मलिनच्या वर चढतो.
मी गाठ सोडत नाही. टाकूनही देत नाही.
सवयीनं पेन्सिल काढून
फडक्याला चिकटपट्टी लावते, आणि तीवर
आजची तारीख घालते.