कुठल्या बाजूचा

लहानपणी आम्हाला दोन गावांची भीती घालत.
चोरी केलीस तर हिंडलगा,
एकटाच बडबडलास तर धारवाड.
एकाच माणसाला दोन्हीकडं एकदम पाठवता येतं
हे तेव्हा आईलाही ठाऊक नव्हतं.

भरमानं खानापूरच्या स्टँडवर
सरकारी बसच्या काचेवर धोंडा मारला.
बस कर्नाटकाची,
तारीख नोव्हेंबरची एक.
झालं!
ठाण्यात पहिला प्रश्न, कुठल्या संघटनेचा?
गल्लीतल्या पोरांनी तर त्याच्या नावानं
दोन घोषणाही देऊन टाकल्या.
तो एवढंच सांगत होता,
काचेत एकजण बसलाय,
माझं नाव घेऊन आईला शिव्या देतोय,
त्याला आधी उतरवा.

हे वाक्य कागदावर आलं नाही.
मी वाचला की कागद, कानडी येतं मला.
त्यात काच होती, धोंडा होता,
नुकसान रुपये अठरा हजार.
काचेतला माणूस तेवढा नव्हता.

हिंडलग्यात तिसऱ्या रात्री त्याचे हात उडायला लागले.
चौदा वर्षांची दारू एका झटक्यात तुटली
की अंग वसुलीला येतं.
मुंग्या चढल्यात म्हणून
त्यानं भिंतीला पाठ घासून रक्त काढलं.
नाटक, असं कुणीतरी वहीत लिहिलं.
दिवसा मी गेटवर होते, पिशवीत गोळ्या.
बाहेरची गोळी आत चालत नाही, चिठ्ठी आणा.
चिठ्ठी धारवाडला.
धारवाड म्हणतं पेशंट आणा,
पेशंट कोर्टाच्या ताब्यात,
आणि कोर्टाला दिवाळीची सुट्टी.
दारू सोडवणारे म्हणाले, डोक्याचं आम्ही बघत नाही.
डोक्याचे म्हणाले, आधी दारू सुटू दे.
एका बसमधून उतरून दुसरीत चढताना वाटायचं,
भावाला मी वाटे करून पोचवतेय,
हात इकडं, डोकं तिकडं,
गुन्हा तेवढा अख्खा.

ईरण्णा मडिवाळर, रात्रपाळीचा शिपाई.
त्याचा मेहुणा सौंदत्तीकडं विहिरीत गेला होता,
दारू सोडली त्याच्या तिसऱ्याच रात्री.
म्हणून त्याला ते हात ओळखू आले.
रात्री दोनला त्यानं स्वतःच्या फोनवरून
सिव्हिलच्या सहना डॉक्टरला उठवलं.
परवानगी सकाळी घेतली.
मेमो दुपारी मिळाला.

मग एका गुरुवारी, कोर्टामागच्या खोलीत,
जिथं जुने टाइपरायटर झाकून ठेवलेत,
टेबलाचा एक पाय आखूड,
खाली वर्तमानपत्राची घडी,
मराठी का कानडी, कुणी बघितलं नाही.
डॉक्टर, ईरण्णा, वकील लोबो,
आणि सुळग्याचा जैनू मुजावर,
जो स्वतः नऊ वर्षं कोरडा आहे
आणि अजून दिवस मोजतो.
पहिल्यांदा चार माणसं एकाच फायलीवर वाकली.
डॉक्टरनं मला विचारलं,
तो नेमका काय म्हणाला होता?
मी सांगितलं.
तिनं तसंच उतरवून घेतलं, मराठीत,
सगळ्या वेलांट्या उलट्या.
इतकं शुद्ध मी काही वाचलेलं नाही.

सगळं नीट झालं असं कुठं म्हणतेय मी?
ईरण्णाची विजापूरला बदली झाली.
शिवरात्रीला भरमा परत प्याला.
फक्त त्या रात्री मी स्टँडवर पळाले नाही.
कॅलेंडरमागं चार नंबर होते,
दुसरा उचलला गेला.
खटला अजून चालू आहे.

महिन्यातून एकदा आम्ही धारवाडला जातो.
तो खिडकीलाच बसतो, हट्टानं.
कित्तूर मागं पडलं की मी विचारते,
काय म्हणतोय रे तो आज?
भरमा काचेला कान लावतो, जरा थांबतो.
आज कानडीत बोलतोय गं, म्हणतो,
मला न्हवं,
दुसऱ्या कुणाला तरी.