चौथी वायर

शुक्रवारी ओमानातून अंबादासचा फोन येतो.
तिकडे सुट्टी असते
आणि सुट्टी बघूनच त्याची गाडी आजारी पडते.

गाडी म्हणजे आपल्या लिलावातल्या वन-टनची जपानी बहीण,
माझ्यापेक्षा वीस वर्षांनी थोरली.
कुणा खजूरवाल्याच्या शेडमधून घेतली त्यानं,
बॉनेटखाली पाखरांची घरटी, टायरांच्या जागी दगड.
किती रियाल मोजले ते ऐकून लिंबाद्रीमामा म्हणाले,
"तेवढ्यात होटगी रोडला गुंठा आला असता बे."
मग आठवडाभर मलाच विचारत राहिले :
पुढचा ॲक्सल लागतो का? चासी कुठं खाल्लीय?

तरुणपणी त्यांनी असले किती उघडलेत.
खडकीच्या डेपोतून यायचे, मिलिटरीच्या हिरव्यावर
निळा ऑइलपेंट मारला की बोअर पाडायला रानोमाळ.
गॅरेज अक्कलकोट रोडला,
दोन्ही भिंतींपलीकडे टॉवेलचे कारखाने.
चाळीस वर्षं माग कानात चालले,
आता कानांनीच शटर ओढलंय.

म्हणून मी मधे.
एरवी बिलबुक लिहिते, शुक्रवारी फोन कानाला लावून
मामांच्या तळहातावर बोटानं इंजिन ठोकते.
टक टक टक, जागा सोड, टक टक.
त्या हातावरच्या रेषांत ग्रीस इतकं मुरलंय
की जोतिषाला आधी रॉकेल लागेल.

"लंगडतीय," मामा डोळे मिटून म्हणाले.
"चालू ठेव म्हण. एकेक वायर काढून बघ म्हण."
पहिली काढली, माझं बोट अडखळलं.
दुसरी, तिसरी, तसंच. पुन्हा लावली की सावरायचं.
चौथी काढली
आणि बोट होतं तसंच चालत राहिलं.

"तोच. ज्याला काढल्यानं काही फरक पडत नाही
तोच बिघडलाय."

काय म्हणाले मामा? अंबादासनं विचारलं.
त्याला जाऊन नऊ वर्षं झाली.
मी एवढंच सांगितलं : चौथा.

वॉल्व्ह दुकानात कुठला मिळायला!
मामांच्या पार्लेच्या डब्यात निघाला एक,
शिवजयंतीच्या पत्रिकेत गुंडाळलेला.
मस्कतला निघालेल्या बोधूल बाईंच्या बॅगेतून गेला,
चादरीच्या घडीत, शेंगा चटणीला टेकून.
विमानतळावर पोरानं विचारलं, हे काय?
बाईंनी शांतपणे सांगितलं, आमच्याकडचं आहे.

तीन शुक्रवार फोन नाही.
चौथ्याला आला, गाडी ओढ्याच्या गोट्यांवर उभी,
अंबादास नुसता हसत होता.
मी ठोकायला लागले. सहाच्या सहा,
शिवणयंत्रासारखे, कुठंच जागा नाही.
मामा बराच वेळ ऐकत राहिले.
"काहीतरी असंलच. नीट ऐक."
काही नव्हतं. भिंतीपलीकडे माग होते तेवढेच.
ठेवू का म्हणून अंबादासनं ठेवलासुद्धा,
हात मात्र माझ्यापुढं तसाच उघडा.

मग मी एक ठोका मुद्दाम गाळला.

मामांनी एक डोळा उघडला.
"खोटं ठोकलालीस," म्हणाले,
आणि हात न काढता
पायानं स्टूल जवळ ओढलं.